याडी विमानात बसली तो रविवार

आमच्या तांड्यात वारा कुठून येतो हे सगळ्यांच्या आधी माझ्या बाला कळायचं, कारण त्याची नोकरीच वाऱ्याशी बांधलेली होती. यवतमाळच्या बाहेर जी विमानाची धावपट्टी आहे, तिथे तेव्हा विमान शिकवणारी एक छोटी संस्था होती. दोन लहान विमानं, पत्र्याचं एक मोठं शेड, एक ऑफिस आणि एक टेलिफोन, एवढाच पसारा. बा तिथला चौकीदार. पट्टीवर चरायला आलेल्या गाई-बकऱ्या हाकलायच्या, फाटक उघडायचं आणि सकाळी खांबावर ती नारिंगी कापडी नळी चढवायची. वारा तिच्यात शिरला की ती फुगून आडवी व्हायची आणि उडवणाऱ्याला वरून वाऱ्याची दिशा दिसायची. तांड्यातल्या बाया तिला 'बाही' म्हणायच्या, कुण्या मोठ्या माणसाच्या झुब्ब्याची फाडून टांगल्यासारखी. आमचं घर पट्टीपासून दोन वावरं सोडून. वारा जोरात असला की ती बाही फडफडायची आणि तो आवाज चुलीपाशी बसलेल्या याडीलाही ऐकू यायचा. याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलायचो, बाहेर वऱ्हाडी. इथे मी घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच लिहिते आहे, नाहीतर माझ्या नातवंडांनाही कळायचं नाही.

याडीचा दिवस भाकरीच्या थापटण्याने सुरू व्हायचा. आमच्यासाठी बारा आणि विमानवाल्यांसाठी चार. शिकायला आलेली पोरं शहरातून जेवून यायची, पण शिकवणारे कॅप्टन मोघे तिथेच शेडमागच्या खोलीत राहायचे आणि त्यांचा डबा आमच्याकडून जायचा. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तिखट कढी, मिरचीचा ठेचा. सुरुवातीला त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. महिनाभर याडीने त्यांना मुगाचं पातळ वरण आणि ज्वारीच्या कण्या करून घातल्या, स्वतः नेऊन, समोर बसून. उठून हिंडायला लागले तेव्हापासून ते तिला 'याडी' म्हणायला लागले. पुण्याकडचा तिशीतला माणूस, गोरापान, चष्मेवाला, आणि तो माझ्या आईला आमच्या बोलीत आई म्हणायचा. याडी ऐकून पदराआड हसायची. मला मात्र थोडा राग यायचा. मी तेव्हा अकरावीत होते, सतरा वर्षांची, आणि आपल्या हक्काच्या वस्तूला कुणी हात लावला की मला खपायचं नाही.

ते तिला नेहमी म्हणायचे, "याडी, एकदा तुम्हाला वरून तुमचा तांडा दाखवतो." ती नेहमी म्हणायची, "नको रे बाप्पा, माह्यं खालीच बरं हाय." हे दीड वर्ष चाललं. शेवटी तिला विमानात बसवलं ते त्यांनी नाही, मी. ही गोष्ट मी आजवर स्पष्ट शब्दांत कुणाला सांगितलेली नाही. चैत्र लागला होता, एक विमान दुरुस्त होऊन आलं होतं आणि रविवारी कॅप्टनसाहेब ते एकटेच उडवून पाहणार होते. शिकणारी पोरं नाहीत, ऑफिस बंद. शनिवारी डबा द्यायला गेले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "सर, उद्या आमाले न्या ना. याडी येते म्हणाली." याडी असं काही म्हणाली नव्हती. घरी येऊन मी याडीला सांगितलं, "सर लय आग्रह करून राह्यले. नाई म्हटलं तर वाईट वाटीन त्यायले." दोन बाजूंना दोन खोटी बोलून मी तो रविवार जुळवून आणला. मला वर्गात सांगायचं होतं, एवढंच.

ठरलं होतं सकाळी सात वाजता, वारा निजलेला असतो तेव्हा. पण याडी लग्नाला निघाल्यासारखी तयार झाली. आधी सगळा स्वयंपाक केला, मग न्हाली, मग होळीला घातलेला आरशांचा फेटिया काढला. फेटिया म्हणजे आमच्या बायांचा जड घागरा. तो नेसायलाच अर्धा तास लागतो. वर ओढणी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. आम्ही पट्टीवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाही कधी आडवी होत होती, कधी एकदम खाली पडत होती, कधी गर्रकन तोंड फिरवत होती.

बा म्हणाला, "सायेब, वारा उठून राह्यला. आज ऱ्हाऊ द्या."

कॅप्टनसाहेबांनी बाहीकडे पाहिलं, मग याडीच्या फेटियाकडे पाहिलं. बहुतेक तो फेटिया पाहूनच त्यांना नाही म्हणवलं नाही. "दहा मिनिटं, भाऊ. एक चक्कर मारून लगेच खाली."

"परमिशन नाई ना सायेब बाहेरच्यायची."

"तुम्ही सांगणार आहात का कुणाला?" ते हसून म्हणाले.

याडीला त्यांनी पुढे आपल्या शेजारी बसवलं, मला मागे. तिच्या पुढ्यातही त्यांच्यासारखंच एक हँडल होतं. त्याला हात लावू नका म्हणाले. याडीने हात ओढणीत गुंडाळून घेतले. विमान सुटलं तेव्हा पत्र्याच्या पेटीत दगड घालून हलवावेत तसा आवाज होता. आणि मग एकदम खालचा खडखडाट बंद झाला, आणि मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. ती सवय मला अजूनही आहे. माझा मुलगा बंगलोरला असतो; नागपूरहून त्याच्याकडे जाताना हवाईसुंदरी गोड हसून पाणी विचारते, आणि मी सीटची दांडी धरून बसलेली असते.

वर मात्र पहिली काही मिनिटं फार सुंदर होती. तुरीची कापलेली वावरं, कपाशीच्या वाळल्या पराट्यांचे रचलेले ढीग, कळंबकडे जाणारा रस्ता. याडीने काचेला नाक लावलं होतं. आमचा तांडा दिसला तेव्हा ती किंचाळलीच. "जमने, पाय वो! आपला लिंब पाय!" मग म्हणाली, "एवढासाच हाय? एवढ्याशा जागेत मी इतके वर्सं चालून राह्यली?" कॅप्टनसाहेब मोठ्याने हसले. ते त्यांचं त्या दिवशीचं शेवटचं हसणं.

परत वळलो तेव्हा खाली पट्टीच्या बाजूला धुळीचा एक खांब उठलेला दिसला, गोल फिरत वावरातून सरकणारा. विमान हलायला लागलं. कुणीतरी खालून धक्के देतंय असं. मला पहिल्यांदा भीती वाटली ती धक्क्यांची नाही. कॅप्टनसाहेबांनी बोलणं बंद केलं त्याची. जाताना ते सारखं काहीतरी दाखवत होते. आता त्यांची मान ताठ झाली होती आणि मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये जात होता. पट्टी समोर आली, पण विमानाचं नाक तिच्याकडे नव्हतं, तिरपं होतं, खेकडा चालतो तसे आम्ही कडेकडेने तिच्यावर उतरत होतो. बा दिसला. दोन्ही हात वर करून हलवत होता. ये म्हणतोय की येऊ नको म्हणतोय, कळलं नाही. जमिनीपासून दोन माणसं उंचीवर असताना वाऱ्याने आम्हाला सरळ बाजूला लोटलं, पट्टी खालून निघून गेली, इंजिन ओरडलं आणि आम्ही पुन्हा वर गेलो.

"काय झालं, बापू?" याडीने विचारलं.

"काही नाही याडी. पुन्हा येऊ. पट्टा घट्ट करा."

दुसऱ्या वेळेस चाकं टेकली. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात विमान चेंडूसारखं उसळलं. हवेत असतानाच उजवा पंख वर उचलला गेला, कुणी उचलून धरल्यासारखा. डावा जमिनीला घासला. समोरचं चाक मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुक्या फांदीसारखा. मग पट्टी संपली आणि नांगरलेलं वावर आलं, ढेकळं काचेवर आदळायला लागली, आणि आकाश खाली गेलं.

त्यानंतर जी शांतता झाली तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. मी उलटी लटकत होते. कुठेतरी टिक-टिक होत होतं आणि कुठेतरी पाण्यासारखं काहीतरी ठिबकत होतं. वास आला तेव्हा कळलं की ते पाणी नाही. कॅप्टनसाहेब ओरडले, "बाहेर! पेट्रोल आहे, बाहेर पडा!" त्यांचा चष्मा नव्हता आणि भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी पट्टा सोडला, डोक्यावर पडले. याडीच्या बाजूचं दार आपटून उघडलं होतं. ती त्या दारापाशी लटकत होती, फेटिया तिच्या तोंडावर आला होता, आतून तिचा आवाज येत होता, शब्द नव्हते. मी तिच्या खालून सरपटत बाहेर आले. आणि पळाले.

माझ्या आईला तिथे तशीच सोडून मी पळाले. मागे वळून पाहिलं नाही. ढेकळांत पाय मुरगळला तरी पळाले. समोरून बा येत होता, त्याचा फेटा सुटून मागे फरफटत होता. तो मला ओलांडून गेला, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला मिठी मारली आणि डोळे मिटून आगीच्या भडक्याची वाट पाहत उभी राहिले. आग लागली नाही. शेवटी डोळे उघडले तेव्हा बाने याडीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं होतं, कॅप्टनसाहेब दुसऱ्या बाजूने निघून गुडघ्यांवर बसले होते, त्यांचा एक खांदा खाली लोंबत होता, आणि आरशांचे तुकडे उन्हात चमकत होते.

मी परत गेले तेव्हा याडी उठून बसली होती. हातभर बांगड्या फुटल्या होत्या, मनगटं रक्ताने माखली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पहिलं वाक्य बोलली ते कॅप्टनसाहेबांशी.

"सायेब, तुमी एकटेच होते विमानात. समजलं?"

"नाही याडी, असं नाही चालणार. तुम्हाला दवाखान्यात..."

"मले काई नाई लागलं. हे पाय, उभी हाय मी." आणि ती खरंच उभी राहिली. "तुह्यी नोकरी जाईन. माह्या नवऱ्याचीबी जाईन. माह्या गळ्याची आन हाय तुले."

कॅप्टनसाहेब रडायला लागले. मोठ्या माणसाला तसं रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाने ऑफिसात जाऊन फोन केला, आणि गाडी यायच्या आत आम्ही दोघी वावरातून घरी पोचलो होतो. तांड्यातल्या लोकांनी पाहिलं होतं, पण तांड्याने तोंड मिटलं. पोलीस येऊन पाहून गेले. कॅप्टनसाहेबांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि बातमी अशी झाली की विमानात एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी याडीने नेहमीसारख्या भाकरी थापल्या. फक्त डावा खांदा दुखतो म्हणाली. मी हळद-तेल लावून चोळून दिला. खांद्यावर एक ओरखडाही नव्हता, हे मला विचित्र वाटलं, पण दुखतो म्हणते तर दुखत असेल. पोटावर मात्र, डाव्या बरगडीखाली, ते हँडल घुसलं होतं तिथे, हातभर काळंनिळं झालं होतं. ते तिने बाला दाखवलं नाही. मंगळवारी सकाळी ती चुलीपुढे बसलेली असताना भाकर जळाल्याचा वास आला. माझ्या आईची भाकर जळालेली मी जन्मात पाहिली नव्हती. जाऊन पाहते तर ती तव्याकडे बघत होती, पण तिला तवा दिसत नव्हता. कपाळ घामाने भिजलेलं आणि हात गार. "पाणी दे," म्हणाली. तांब्याभर प्याली, पुन्हा मागितलं.

"बा, दवाखान्यात नेऊ इले," मी म्हणाले.

बा दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी वर आकाशात असताना कॅप्टनसाहेबांच्या मानेवर पाहिली होती. "तिथं तेच हायेत ना. सायेबबी तिथंच, पोलीसबी तिथंच. आज चौकशीवाले येऊन राह्यले पट्टीवर. थे गेले का लगेच नेतो. बैलगाडीतून पडली म्हणू."

"तोपर्यंत काई झालं तर?"

"कायले काई होते?" याडीच म्हणाली, भिंतीला टेकून. "जा तुमी कामावर." आणि मला म्हणाली, "तू तोंड उघडशीन तर माह्यं मेलेलं तोंड पायशीन."

बा गेला. मी तिच्या उशाशी बसले. बाहेर ती बाही फडफडत होती. तासाभराने याडी बडबडायला लागली. तिच्या माहेरच्या कुणालातरी हाक मारत होती, जे कधीच वारले होते. तिचे ओठ ज्वारीच्या पिठासारखे पांढरे पडले होते. मी तिला हलवलं. डोळे अर्धवट उघडे राहिले. शेजारच्या काकीला हाक मारून याडीपाशी बसवलं आणि मी निघाले.

पट्टीकडे जायला तेच वावर. विमान अजून तसंच पडलेलं होतं, पोट वर करून, तुटलेलं चाक आभाळाकडे. त्याच्या जवळून जायची माझी हिंमत होईना. मी लांबून वळसा घातला, आणि त्या वळशाने जी दोन-तीन मिनिटं जास्त गेली ती पुढे कित्येक वर्षं मी मोजत आले. शेडसमोर जीप उभी होती. चौकशीचे साहेब खुर्चीवर बसून लिहीत होते, टक्कल पडलेले, वयस्कर, कडक इस्त्रीतले. बा हात बांधून समोर उभा. मला पाहून त्याने मान हलवली. नको. अगदी हळू, फक्त मला कळेल इतकी.

मी धीट होते असं कुणी समजू नये. माझे दात वाजत होते. मी बाच्याकडे न पाहता साहेबांच्या वहीकडे पाहून बोलले.

"साहेब, विमानात आम्ही दोघी होतो. मी अन् माही याडी. ती मरून राह्यली."

साहेबांनी पेन थांबवलं. बाच्याकडे पाहिलं. बा खाली बसला, जिथे उभा होता तिथेच, मातीत. मला वाटलं आता हे ओरडतील, पोलिसांना बोलावतील. त्यांनी वही बंद केली, पेनाचं टोपण लावलं आणि उठले. "घर कुठे आहे?" एवढंच विचारलं. "जीपमध्ये बस. पुढे बस, रस्ता दाखव."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, डावा खांदा दुखत होता का विचारलं, आणि मी हो म्हणताच त्या पळतच आत गेल्या. पोटात रक्त साठत होतं. पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती. आत मार बसला की दुखणं खांद्यात येतं, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. मी खांदा चोळत बसले होते. तांड्यातले आठ जण रक्त द्यायला आले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर कॅप्टनसाहेब आले, हात गळ्यात बांधलेला, भुवईला टाके, दवाखान्याच्या कपड्यांत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते माझ्याशेजारी फरशीवर बसले. चौकशीचे साहेब समोर आले तेव्हा ते उठायला लागले, साहेबांनी हाताने बसा म्हटलं. कॅप्टनसाहेबांनी बसल्या बसल्याच सगळं सांगितलं, वारा पाहिला होता, भाऊंनी अडवलं होतं, चूक माझी. मीच न्या म्हटलं होतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि माझी दोन खोटी मीही त्या दिवशी सांगितली नाहीत.

याडी वाचली. कॅप्टनसाहेबांची नोकरी गेली आणि उडवायचा परवानाही पुष्कळ दिवसांसाठी काढून घेतला. ते पुण्याला परत गेले. बाचीही चौकीदारी गेली. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्याला काम लागलं आणि आम्ही तांडा सोडला. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं. बाने मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. पण याडीने शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "सायेबाचं काय झालं?" मी खरं सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी कण्या भरवायचे, ती गिळायची, डोळे छताला.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. गुंत्यात अजून त्या वावरातली माती होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "याडी, मी तुले सोडून पळाली." एकदा निघाल्यावर थांबेना. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया पाहायला लागल्या.

याडीने हळूच मान वळवली. "कोण पळालं?" ती म्हणाली. "येडी हायेस का? मीच तुले ढकललं ना. दोन्ही हातानं ढकललं, जा म्हणून. तुले आठोत नाई?"

मी आठवून पाहिलं. आज पासष्टी ओलांडल्यावरही आठवून पाहते. माझ्या पाठीला हातांचा स्पर्श नाही. आणि बाने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं की त्याने तिला सोडवलं तेव्हा तिचे दोन्ही हात पट्ट्यात आणि ओढणीत इतके अडकलेले होते की ओढणी दातांनी फाडावी लागली.

तिच्या मनगटांवर पट्ट्या होत्या. ती माझ्याकडे पाहत होती, उत्तराची वाट पाहत.

"व्हय वो याडी," मी म्हणाले. "आता आठोलं."